दोन डिस्क आणि एक सुरुवात : सॉफ्टवेअर रेडच्या वचनाची समीक्षा



समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर पुस्तक येतं, नाटक येतं, फार तर सिनेमा. आज आम्ही जे समीक्षेला घेतलंय ते एक वचन आहे. संगणकात दोन डिस्क बसवायच्या, एकीवर जे लिहिलं जाईल ते जसंच्या तसं दुसरीवरही लिहायचं, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम थांबणार नाही, असं हे वचन. याला रेड-१ म्हणतात, इंग्रजीत आरशाची उपमा देतात. हे काम वेगळं कार्ड न घेता ऑपरेटिंग सिस्टिमनेच केलं तर ते सॉफ्टवेअर रेड. लिनक्समध्ये कर्नलचा 'एमडी' नावाचा भाग आणि नील ब्राउन यांनी लिहिलेलं 'एमडीॲडम' हे साधन, एवढ्यावर ते चालतं. पैसे लागतात ते फक्त दुसऱ्या डिस्कचे.

हे वचन बऱ्याच अंशी पाळलं जातं, हे आधीच सांगून टाकतो. एमडी हा चांगला, खूप वापरला गेलेला आणि भरवशाचा भाग आहे. आमची तक्रार त्याच्याबद्दल नाही. आमचा मुद्दा असा, की हे वचन चालू असलेल्या यंत्राबद्दल आहे, पण ऐकणारा ते यंत्र सुरू होण्याबद्दलही आहे असं समजतो. आणि या विषयावरचा मजकूर, म्हणजे मॅन्युअल, इन्स्टॉलरचे प्रश्न, स्क्रीनवरची स्थिती दाखवणारी ओळ, हा सगळा मजकूर त्याचा तो समज फारसा दूर करत नाही. वर्षानुवर्षं चालू असलेलं यंत्र एखाद्या सकाळी बंद पडतं, परत सुरू करायला जावं तर होत नाही, आणि डेटा मात्र दुसऱ्या डिस्कवर अगदी सुखरूप असतो. ही स्थिती का येते, आणि त्यात दोष कुणाचा किती, हे आज बघू.

मूळ निबंधात काय होतं

सुरुवात १९८८ पासून करू. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी शिकागोच्या सिग्मॉड परिषदेत एक निबंध मांडला. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्कचा ताफा वापरा, असं त्यांचं म्हणणं. 'रेड' या नावातला 'आय' हा मुळात 'स्वस्त' या अर्थाच्या शब्दाचा होता; विकणाऱ्यांना ते अक्षर परवडलं नसावं, पुढे त्याचा 'स्वतंत्र' झाला.

निबंधातला युक्तिवाद फार स्वच्छ आहे. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर अशा १०० डिस्कच्या ताफ्यात कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. म्हणून जादा प्रत हवी. ती ठेवण्याच्या पाच पद्धती त्यांनी सांगितल्या. त्यातली पहिली म्हणजे आपली जोडी. ती त्यांना नवी नव्हती, टँडमसारख्या कंपन्या ती आधीपासून वापरत होत्या. त्यांचा आक्षेप खर्चावर होता: १०० टक्के जादा डिस्क.

आता या हिशोबातली एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जोडी किती टिकेल याचं सूत्र साधं आहे. एका डिस्कच्या आयुष्याचा वर्ग करायचा आणि त्याला दुरुस्तीच्या वेळेच्या दुपटीने भागायचं. ३०,००० तास आयुष्य आणि दुरुस्तीला १ तास धरला, तर उत्तर येतं ४५ कोटी तास. दुरुस्तीला आठवडा, म्हणजे १६८ तास लागले, तर तेच उत्तर सुमारे २७ लाख तासांवर येतं. म्हणजे जोडीची ताकद डिस्कमध्ये जेवढी आहे तेवढीच ती माणसाला बातमी किती लवकर कळते आणि तो किती लवकर हात चालवतो, यात आहे. छेदातला हा माणूस पुढच्या जाहिरातींतून आणि पुष्कळशा मॅन्युअलांतून नाहीसा झाला. यंत्र सुरू होण्याचा प्रश्न तर त्या निबंधाचा विषयच नव्हता. तो त्यांचा दोष नाही. त्यांच्यासमोर मोठमोठी यंत्रं होती आणि त्यांना सांभाळायला माणसं होती. दोष असला तर तो हेच वचन टेबलाखालच्या डब्यापर्यंत जसंच्या तसं आणणाऱ्यांचा.

आरशाच्या बाहेर राहिलेली जागा

आता यंत्र सुरू कसं होतं ते पाहू. जुन्या बायॉसच्या पद्धतीत फर्मवेअर एका डिस्कचा पहिला सेक्टर वाचतं. तो ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट 'हा सेक्टर खरा आहे' असं सांगणाऱ्या खुणेसाठी. ही मांडणी १९८३ च्या पीसी-डॉस २.० बरोबर आली. ४४६ बाइटमध्ये फारसं काही मावत नाही. म्हणून ग्रबसारखा बूटलोडर तिथे फक्त पहिली पायरी ठेवतो आणि उरलेला गाभा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवतो.

आणि एमडी काय आरशात धरतं? पार्टिशन. आपण सहसा दोन डिस्कवर सारखी पार्टिशनं करतो आणि पार्टिशन पार्टिशनला जोडतो. पहिला सेक्टर पार्टिशनच्या बाहेर, मोकळी जागाही बाहेर. म्हणजे ज्या दोन जागांवरून यंत्राचा दिवस सुरू होतो, त्या दोन्ही आरशात नाहीत. कागदपत्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या आणि किल्ली मात्र एकाच कपाटाची करून घेतली, असा हा प्रकार.

याचा उपाय सोपा आहे: बूटलोडर दोन्ही डिस्कवर स्वतंत्रपणे बसवायचा. हे नवीन ज्ञान नाही. लिलोच्या काळात त्यासाठी वेगळा पर्याय होता. डेबियनमध्ये ग्रबचं पॅकेज 'कुठल्या कुठल्या डिस्कवर बसवू' असं विचारतं आणि एकापेक्षा जास्त डिस्कवर खूण करू देतं. तो प्रश्न आम्हाला या सगळ्या मजकुरातला सर्वात प्रामाणिक प्रश्न वाटतो. कारण त्यात गृहीत धरलेलं असतं, की सुरुवात करून देणारी डिस्क बदलू शकते.

पण हा उपाय एकदा केला की झालं, असं होत नाही. समजा दोन वर्षांनी एक डिस्क गेली. नवीन आणली, जुनीवरून पार्टिशनचा तक्ता उतरवला, जोडीत घातली, सगळा डेटा उतरून झाला. स्थिती दाखवणारी ओळ म्हणते, दोन्ही ठीक. घरी जायला हरकत नाही. फक्त नव्या डिस्कवर बूटलोडर नाही! तो बसवायचा राहिला, कारण आरसा तो नेत नाही. आता जुनी डिस्क जाईल त्या दिवशी हे कळेल. आणि जुनीच आधी जाण्याची शक्यता जास्त, हे सांगायला नको.

याच दोषाचं दुसरं रूप २०२० च्या उन्हाळ्यात बऱ्याच जणांनी पाहिलं. ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाची सुरक्षेची त्रुटी सापडली आणि जुलैत तातडीने नवीन पॅकेजं आली. जिथे पॅकेजच्या नोंदीत बूट डिस्कचं नाव जुनं किंवा चुकीचं होतं, तिथे ग्रबचे वरचे मॉड्यूल नवे झाले आणि डिस्कच्या सुरुवातीचा गाभा जुनाच राहिला. दोघांची भाषा जुळेना. यंत्र सुरू करताच 'ग्रब-कॅलॉक' नावाचं चिन्ह सापडत नाही, अशी तक्रार आणि पुढे बचावाची काळी स्क्रीन. जोडीतल्या दुसऱ्या डिस्कवर वर्षानुवर्षांपूर्वीचा गाभा पडून असेल तर तिचीही हीच गत होते, फक्त त्या दिवशी बातमी होत नाही.

एक इशारा, आणि त्याची भाषा

आता एक छोटा मजकूर वाचू. एमडीॲडमने नवीन जोडी करताना मेटाडेटा, म्हणजे जोडीची स्वतःबद्दलची नोंद, डिस्कच्या सुरुवातीकडे ठेवायची ठरली, की तो थांबून एक इशारा देतो. इशाऱ्याचा आशय असा: नोंद सुरुवातीला आहे, ही जोडी बूटसाठी योग्य असेलच असं नाही, बूटची पार्टिशन इथे ठेवणार असाल तर तुमच्या बूटलोडरला ही नोंद समजते याची खात्री करा, नाहीतर जुनं ०.९० रूप वापरा. आणि मग प्रश्न, पुढे जाऊ का?

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नोंदीची चार रूपं आहेत. ०.९० आणि १.० मध्ये नोंद शेवटी असते, १.१ मध्ये अगदी सुरुवातीला, १.२ मध्ये सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर. आज न सांगता मिळतं ते १.२. नोंद शेवटी असली की जोडीतली प्रत्येक पार्टिशन सुरुवातीकडून पाहिली असता साध्या, सुट्या फाइल सिस्टिमसारखी दिसते. ज्याला रेड कळत नाही असा जुना बूटलोडरसुद्धा ती वाचू शकतो. त्याला फसवलं जातं, पण त्याच्या भल्यासाठी. आजच्या ग्रबला दोन्ही प्रकार वाचता येतात, तेव्हा बायॉसच्या यंत्रावर हा इशारा पूर्वीइतका जिवावरचा राहिलेला नाही.

तरी मजकूर म्हणून या इशाऱ्याकडे पाहा. तो खरा आहे, वेळेवर येतो, नेमका आहे. या क्षेत्रात एवढे तीन गुण एकत्र सहसा मिळत नाहीत. पण तो वाचणारा कोण आहे? पहिल्यांदाच जोडी करणारा माणूस. त्याला 'बूटलोडरला समजतं का' हे तपासायचं कसं, हे इशारा सांगत नाही. आणि समोर फक्त हो किंवा नाही. घाईतला माणूस 'हो'च म्हणणार. शिवाय इशारा नोंदीच्या जागेबद्दल बोलतो, पहिल्या सेक्टरबद्दल बोलत नाही. तो वाचून 'हो' म्हणणाऱ्याला वाटतं, बूटबद्दल जे काळजीचं होतं ते संपलं. अर्धा इशारा कधीकधी इशारा नसण्यापेक्षा जास्त निर्धास्त करतो, तो असा.

यूईएफआयने काय सोडवलं, काय नाही

नवीन यंत्रांत बायॉस गेला, यूईएफआय आलं. आता पहिल्या सेक्टरची गुप्त जागा नाही. त्याऐवजी फॅट फाइल सिस्टिमची एक छोटी पार्टिशन असते, तिला ईएसपी म्हणतात. फर्मवेअर तिच्यातली फाइल उघडतं. कुठली उघडायची याची यादी मदरबोर्डवरच्या स्मृतीत असते, आणि यादीतली प्रत्येक नोंद विशिष्ट पार्टिशनच्या ओळखक्रमांकाला बांधलेली असते.

रचना म्हणून ही सुधारणाच आहे. जे लपून होतं ते डोळ्यांना दिसायला लागलं. पण आपल्या प्रश्नाचं काय? फर्मवेअरला एमडी कळत नाही, पूर्वीही कळत नव्हता. म्हणजे ईएसपीची जोडी कशी करायची हा प्रश्न उरलाच. दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत खोट आहे.

पहिला मार्ग, ईएसपीसुद्धा आरशात घालायची, नोंद शेवटी ठेवून. फर्मवेअरला ती साधी फॅट दिसते. फेडोरा आणि रेड हॅटचा इन्स्टॉलर हे करू देतो. सोयीचं आहे, पण एक धोका आहे: फर्मवेअर किंवा दुसरी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम यातल्या एकाच प्रतीवर परस्पर काही लिहू शकते, आणि एमडीला त्याचा पत्ता लागत नाही. मग दोन प्रती वेगळ्या होतात आणि आरसा मात्र त्या सारख्याच आहेत असं सांगत राहतो.

दुसरा मार्ग, दोन सुट्या ईएसपी ठेवायच्या आणि दोन्हींवर बूटलोडर बसवायचा. उबुंटूने २०.०४ पासून ग्रबच्या पॅकेजमध्ये एकापेक्षा जास्त ईएसपीची सोय दिली. आम्हाला हा मार्ग जास्त पसंत आहे, कारण त्यात खोटं काही सांगितलं जात नाही. पण जिथे ही सोय नाही तिथे माणसाने आठवणीने दुसरी ईएसपी ताजी ठेवायची, आणि फर्मवेअरच्या यादीत दुसऱ्या डिस्कची नोंदही घालायची. नाहीतर बूटलोडर डिस्कवर आहे, पण त्याला कुणी बोलावतच नाही. यावर यूईएफआयने एक चांगली पळवाट ठेवली आहे: ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाइल असली, तर यादीत नोंद नसतानाही फर्मवेअर ती उचलू शकतं. दुसऱ्या डिस्कवर ती फाइल असावी, एवढं तरी पाहावं.

कर्नलनंतरचे दोन अडसर

समजा इथपर्यंत सगळं ठीक झालं. कर्नल चढला. आता रूट फाइल सिस्टिम उघडायला आधी जोडी उभी करावी लागते, आणि ते काम इनिटरॅमएफएस या छोट्या तात्पुरत्या व्यवस्थेकडे असतं. ती डिस्क येतील तशा जोडीत घालत जाते. एकच आली तर? दुसरी हळू जागी होत असेल, म्हणून थोडं थांबावं लागतं. सिस्टमडीबरोबरच्या व्यवस्थेत ३० सेकंद थांबून मग जोडी एकट्या डिस्कवर सुरू करतात. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. उबुंटूच्या काही जुन्या आवृत्त्या मात्र अपुऱ्या जोडीवर आपणहून सुरू होत नसत. माणसाने आधीच 'चालेल' असं लिहून ठेवावं लागे. बीटीआरएफएस आजही अपुरी जोडी उघडायला स्पष्ट परवानगी मागते.

दुसरा अडसर जास्त वाईट, कारण तो आरशाशी संबंधितच नाही. यंत्र सुरू होताना एफएसटॅब नावाच्या फाइलमधली प्रत्येक पार्टिशन उघडायचा प्रयत्न होतो. ईएसपीची ओळ तिथे असते आणि ती पहिल्या डिस्कवरच्या पार्टिशनला बांधलेली असते. पहिली डिस्क गेली, तर सिस्टमडी त्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहतो आणि मग आणीबाणीच्या स्थितीत जाऊन थांबतो. म्हणजे रूट उघडलेली आहे, सगळा डेटा समोर आहे, आणि यंत्र अडून बसलंय ते काहीशे मेगाबाइटच्या एका पार्टिशनसाठी, जी चालू यंत्राला एरवी लागतही नाही. त्यात रूटचा पासवर्ड बंद ठेवलेला असेल, तर आणीबाणीचा दरवाजाही उघडत नाही. यावरचा उपाय त्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द घालणं, एवढाच. आरशाबाहेर असलेल्या स्वॅपचीही तीच कथा: चालू असताना स्वॅपची डिस्क गेली, तर जे प्रोग्राम तिथे होते ते कोसळतात.

दुसरी बाजू

समीक्षकाने दुसरी बाजूही मांडायला हवी. अपुऱ्या जोडीवर सुरू व्हायला नकार देणं, हा नेहमी दोषच असतो का? सोलारिसचं उदाहरण घेऊ. तिथल्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये, ज्याला आधी सोल्स्टिस डिस्कसूट म्हणत, जोडीच्या स्थितीच्या नोंदींच्या अनेक प्रती डिस्कवर ठेवतात. नियम असा: निम्म्या प्रती हाती असतील तर चालू यंत्र चालू राहील, पण पूर्णपणे सुरू व्हायला निम्म्याहून जास्त प्रती हव्यात. आता दोनच डिस्क, दोन्हींवर सारख्या प्रती. एक गेली की उरल्या बरोबर निम्म्या. चालू होतं तोवर चालेल. बंद करून सुरू केलं की एकट्या प्रशासकासाठीच्या स्थितीत थांबेल. त्याने मेलेल्या प्रती हाताने काढायच्या, मग पुढे.

पहिल्यांदा ऐकताना हे हास्यास्पद वाटतं. पण त्यामागे खरा विचार आहे. दोनच साक्षीदार असले आणि त्यांचं म्हणणं वेगळं पडलं, तर खरा कोण हे तिसऱ्याशिवाय ठरवता येत नाही. आज पहिल्या डिस्कवरून यंत्र चालवलं, उद्या केबल हलली म्हणून दुसरीवरून चाललं, तर दोन्हींवर दोन वेगळे दिवस लिहिले जातात. एमडी प्रत्येक डिस्कवर घटनांचा एक आकडा ठेवतो आणि मागे पडलेली डिस्क बाजूला काढतो. पण आकडा मोठा म्हणजे मजकूर खरा, असं नाही. सोलारिसने हा प्रश्न माणसापुढे ठेवला. लिनक्सने बहुतेक वेळा सोय निवडली. आम्ही लिनक्सच्या बाजूने आहोत, कारण लहान जागी त्या सकाळी तो माणूस हजर नसतो. मात्र सोलारिसच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा लिहिलेली होती, आणि पुढे ज्यांना धोका पत्करायचा होता त्यांना नियम सैल करण्याची सोयही मिळाली. मर्यादा आधी सांगणं, हा गुण आम्हाला सोयीपेक्षा मोठा वाटतो.

'दोन्ही ठीक' म्हणणारी ओळ

आता त्या प्रसिद्ध ओळीकडे येऊ. एमडीस्टॅट या फाइलमध्ये प्रत्येक जोडीपुढे चौकटी कंसात दोन 'यू' असतात. एक डिस्क गेली की एका यूच्या जागी खालची रेघ येते. इतकी कमी जागा घेऊन इतकं सांगणारी ओळ क्वचितच असेल. पण ती सांगते ते पार्टिशनबद्दल. बूटलोडर, ईएसपी, फर्मवेअरची यादी, एफएसटॅब, यातलं काहीही तिला दिसत नाही. तरी सगळे तिच्यावरच निकाल देतात. आणि ती तरी कोण वाचतं? एमडीॲडमला पहारा देता येतो, बिघाड झाला की मेल पाठवता येतो. पण लहान ऑफिसातल्या यंत्रावर हा मेल त्याच यंत्रातल्या रूटच्या पेटीत जाऊन पडतो. पत्र लिहिलं, तेही स्वतःच्याच पत्त्यावर!

आमच्या पाहण्यातली एक लहान संस्था होती, खेड्यापाड्यांतून लोक पैसे भरायला येत. तिथल्या सर्व्हरची एक डिस्क जाऊन कित्येक महिने झाले होते. कुणाला कळलं नाही, कारण काम चालू होतं. एके रात्री वीज गेली, यूपीएसही दमला. सकाळी रांग लागली आणि स्क्रीनवर बूटसाठी डिस्क सापडत नाही. डेटाची एकही ओळ गेलेली नव्हती. तरी दोन दिवस खिडकी बंद राहिली आणि म्हाताऱ्या माणसांना परत एसटीने यावं लागलं. त्यांच्या दृष्टीने रेड होतं की नव्हतं, काय फरक पडला?

आपल्याकडे या गोष्टीला एक खास कारण आहे. चालू सर्व्हर कुणी मुद्दाम बंद करून पाहत नाही. तो बंद पडतो तेव्हा वीज गेलेली असते. आणि बंद होऊन पुन्हा चालू होण्याचा क्षण हा जुन्या डिस्कला सर्वात जड जाणारा क्षण असतो. म्हणजे आपली परीक्षा न बोलावता येते, आणि नेमकी अवघड दिवशी.

हार्डवेअर घेतलं तर?

हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. रेडचं वेगळं कार्ड घेतलं तर ते फर्मवेअरला दोन डिस्कची एकच डिस्क म्हणून दाखवतं. पहिला सेक्टर, मोकळी जागा, ईएसपी, सगळंच आरशात येतं. सुरुवातीचा प्रश्न खरोखर सुटतो. पण मग कार्ड एकच असतं. ते गेलं, तर डिस्कवरची नोंद त्याच घराण्यातल्या कार्डाला कळते, आणि ते कार्ड काही वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही. मधला एक मार्ग आहे: इंटेलच्या काही मदरबोर्डांवर फर्मवेअरलाच जोडी कळते, आणि तीच नोंद एमडीॲडमलाही वाचता येते. तो वाईट नाही. तरी आमचा कल साध्या सॉफ्टवेअर रेडकडेच, कारण त्याची डिस्क उचलून कुठल्याही लिनक्स यंत्रात लावली तरी उघडते. फक्त सुरुवातीची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवावं लागतं.

कसोटी

मग निकाल काय? आमच्या मते सुरू होणाऱ्या जोडीची कसोटी एकच: प्रत्येक डिस्कने एकटीने यंत्र लॉगिनपर्यंत न्यावं. बाकी सगळं अनुमान. ही कसोटी कशी घ्यायची तेही सांगतो, कारण ती चुकीची घेतली तर नुकसान होतं.

आधी वेगळ्या जागी बॅकअप घ्या. रेड हा बॅकअप नव्हे, चुकून पुसलेली फाइल तो दोन्हीकडून तितक्याच निष्ठेने पुसतो. यंत्र बंद करा. पहिल्या डिस्कची केबल काढा. चालू करा, लॉगिन येईपर्यंत थांबा, किती वेळ लागला लिहा. मग बंद करून ती डिस्क परत लावा, जोडीत पुन्हा घाला आणि दोन्ही सारख्या होईपर्यंत वाट पाहा. ही पायरी टाळू नका. मधल्या वेळात एकटी डिस्क पुढे गेलेली असते. दुसरी लगेच काढलीत तर शिळ्या डिस्कवर यंत्र सुरू होईल. बिटमॅप ठेवलेला असेल तर फक्त बदललेला भाग उतरतो, मिनिटांचं काम. नसेल तर सगळी डिस्क: ४ टेराबाइट, सेकंदाला १५० मेगाबाइटने, सुमारे साडेसात तास. ते झालं की मग दुसरी काढून हेच पुन्हा. डिस्क बदलली, फर्मवेअर अद्ययावत केलं, मोठी आवृत्ती बदलली, की ही कसोटी परत घ्यायची.

यात लागतो एक रविवार. ज्यांच्याकडून आपण सर्व्हर घेतो त्यांना 'रेड आहे का' असं विचारून काही मिळत नाही. उत्तर 'आहे' असंच येणार, आणि ते खरंही असेल. 'आमच्यासमोर एक डिस्क काढून सुरू करून दाखवा, मग दुसरी' असं म्हणा. बिल देण्याआधी म्हणा.

आणि जे या क्षेत्रात लिहितात, इन्स्टॉलर करतात, मॅन्युअल भाषांतरित करतात, अशांपैकी काही जण इथे बसले आहेत, त्यांच्याकडे एक मागणी. जोडी तयार झाल्यावर 'पूर्ण झाले' असं लिहिण्याआधी एक ओळ घाला: दुसऱ्या डिस्कवरून हे यंत्र अजून सुरू करून पाहिलेलं नाही. ती ओळ कसोटी होईपर्यंत तिथेच राहू द्या. आज 'रेड आहे' या शब्दांवर विसंबलेली पुष्कळ लहान ऑफिसं आहेत. त्यांना निदान आपण कशावर विसंबलो आहोत ते कळेल.

प्रश्न असतील तर विचारा. ज्यांच्याकडे जोडी चालू आहे त्यांनी आधी एवढं सांगा, शेवटची डिस्क कधी काढून पाहिली होती?